धर्मशाळेची किल्ली



दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी दुपारी सामायिक करून उठले आणि गावाकडून पुतण्याचा फोन आला. "काकू, ट्रस्टची मीटिंग झाली. जुनी धर्मशाळा पाडून तिथं भक्तनिवास बांधायचं चाललंय. खाली दुकानं, वर खोल्या, प्रत्येक खोलीला बाथरूम. आपल्या घराण्यानं बांधलेली वास्तू, म्हणून आपली ना-हरकत मागितलीय. काका नाहीत, तेव्हा सही तुमची."

खरं सांगते, मी लगेच "पाठव कागद, करते सही" म्हणून मोकळी झाले. ती धर्मशाळा म्हटलं की मला काय आठवतं? तुळईला लटकलेली वटवाघळं, मागच्या अंगणात पार टोकाला असलेली न्हाणी आणि रात्री कंदील घेऊन तिकडं जाताना वाटणारी भीती. आता तर माझे गुडघे असे की खाली बसायची सोय असेल तिथं मी मुक्कामालाच जात नाही. तीर्थक्षेत्री गेलं की पहिला प्रश्न, "कमोड आहे ना?" मग जुन्या भिंतींसाठी गळा काढायचा मला काय अधिकार?

पण त्याच संध्याकाळी मंदिरात त्यागधर्मावर प्रवचन होतं, आणि पंडितजींनी चार दानांच्या चार गोष्टी सांगितल्या. चौथी गोष्ट ऐकली आणि घरी आल्यावर पुतण्याला उलटा फोन केला. म्हटलं, कागद पाठव, पण सही मी गावाला येऊन करीन.

चौथ्या दानाची गोष्ट

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण आणि आवास असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आपण बायका पहिल्या दोघांत तरबेज. चौका लावायचा, आहार द्यायचा, काढा करून द्यायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आवासदान मात्र पैसेवाल्या शेठ लोकांचं काम, अशी माझी समजूत होती. आणि गंमत बघा, या चौथ्या दानाचं उदाहरण म्हणून आचार्यांनी शेठ घेतलेला नाही, राजाही नाही. त्यांनी घेतलाय एक रानडुक्कर.

टीकाकार प्रभाचंद्रांनी ती कथा दिली आहे. माळव्यातल्या घटग्रामात देविल नावाचा कुंभार आणि धमिल्ल नावाचा न्हावी राहत होते. दोघांनी मिळून वाटसरूंना उतरायला एक वास्तू बांधली. म्हणजे आपल्या भाषेत धर्मशाळाच. देविलानं तिथं एका मुनिराजांना उतरवलं. धमिल्लानं त्यांना बाहेर काढलं आणि आपल्या ओळखीच्या परिव्राजकाला आणून बसवलं. मुनी रात्रभर झाडाखाली राहिले. सकाळी हे कळल्यावर दोघांचं भांडण जुंपलं, आणि भांडता भांडता दोघंही एकमेकांच्या हातून मेले. पुढच्या जन्मी देविल झाला रानडुक्कर आणि धमिल्ल झाला वाघ. त्या रानातल्या एका गुहेत दोन मुनी येऊन राहिले. डुकराला पूर्वजन्म आठवला आणि ते गुहेच्या तोंडाशी राखण करत उभं राहिलं. वाघ माणसाच्या वासानं आला. दोघं झुंजले, दोघंही मेले. डुक्कर स्वर्गात गेलं, वाघ नरकात.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आली. धर्मशाळा बांधण्यात दोघांचाही वाटा होता. पैसा सारखा, मेहनत सारखी. तरी एक वर गेला आणि एक खाली. आणि ज्याच्या नावावर आवासदान लागलं, त्यानं दुसऱ्या जन्मी काहीच बांधलं नव्हतं. गुहा आधीपासून होती. त्यानं फक्त ती राखली.

दिवस मावळायच्या आत

आमचं सासरचं गाव कुंथलगिरीच्या वाटेवर. आधी उस्मानाबाद जिल्हा म्हणायचे, 2023 पासून धाराशिव. कुंथलगिरी म्हणजे कुलभूषण-देशभूषण मुनींचं निर्वाणक्षेत्र, हे तुम्हाला सांगायला नको. रामचंद्रांनी याच मुनींवरचा उपसर्ग दूर केला, असं पद्मपुराणात आहे. आणि 1955 मध्ये चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी छत्तीस दिवसांची सल्लेखना घेऊन 18 सप्टेंबरला इथंच देह ठेवला.

माझं माहेर बार्शीचं. आज बार्शीहून गाडीनं निघालं तर नाश्ता पचायच्या आत माणूस कुंथलगिरीला पोचतं. आमच्या आजीच्या वेळी तसं नव्हतं. कुर्डुवाडीहून बार्शीला 1897 साली छोटी रेल्वे आली, त्यामुळे लांबचे यात्रेकरू बार्शीपर्यंत आगगाडीनं यायचे आणि तिथून पुढं बैलगाडी. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, पलीकडे निजामाचं राज्य. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. तुपाचा डबा आणि लुगड्यांचं गाठोडंसुद्धा तिथं उघडून दाखवावं लागे.

बैलगाडी तासाला फार तर एक कोस जाणार. त्यात आपल्या लोकांचे नियम. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, पाणी गाळूनच प्यायचं, वाटेत कुणाच्या हातचं खायचं नाही. दुसरा वाटसरू चांदण्यात आणखी दोन कोस गाडी हाकेल. जैन कुटुंबाला ऊन उतरायच्या आत विहीर, सावली आणि चूल गाठावीच लागायची. म्हणून अर्ध्या दिवसाच्या टप्प्यावर कुणीतरी धर्मशाळा बांधायची. ती शोभेची इमारत नव्हती. ती नसती तर म्हाताऱ्या माणसाची यात्रा घडली नसती, किंवा घडली तर नियम मोडून घडली असती.

आमच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी गावातली धर्मशाळा बांधली. दगडावर "फसली 1331" कोरलंय. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचं. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1921-22. इमारतीनं शंभरी ओलांडली आहे. समोर पाच खणांची ओवरी, मागे चौक, चौकात आड, एका बाजूला चुली आणि भिंतीत दिव्यासाठी देवळ्या. बस, एवढंच.

ही रीत किती जुनी

आपल्याला वाटतं, धर्मशाळा आपल्या पणजोबांनी काढल्या. पण सम्राट अशोकानं स्तंभावर कोरून ठेवलंय की त्यानं रस्त्याकडेला वडाची झाडं लावली, विहिरी खोदल्या आणि विसाव्याच्या जागा केल्या. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या चार ठिकाणी त्यानं चौसोपी धर्मशाळा बांधल्या, असं त्यात लिहिलंय. याला एकोणीसशे वर्षं होऊन गेली.

त्याच उषवदाताचा आणखी एक लेख तिथं आहे, आणि मी कॉमर्सची असल्यामुळे मला तो जास्त आवडतो. लेण्यातल्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्यानं तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. म्हणजे आपली कायम ठेव! नुसती वास्तू देऊन भागत नाही, तिच्या पोटापाण्याची सोय आधी करावी लागते, हे त्या माणसाला कळलं होतं.

आपला जिल्हाही यात मागे नाही. तेर म्हणजे जुनं तगर. तिथला माल गाड्यांत भरून भरुचच्या बंदराला जायचा, असं ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या पुस्तकात आहे, आणि पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचंही. दहा दिवसांची वाट म्हणजे निदान नऊ मुक्काम आले. धाराशिवची लेणीही सुरुवातीला साधूंच्या निवासाचीच जागा. ती आधी बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची आणि पार्श्वनाथांच्या प्रतिमेची कथा आलेली आहे. पुढं आपल्या शेजारच्या चौंडी गावची लेक अहिल्याबाई होळकर झाली. तिनं देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींनी हिराबाग धर्मशाळा बांधली. 1902 साली भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली, तीही तीर्थं सांभाळायला माणसं कमी पडत होती म्हणूनच.

वहीतल्या सहा बाया

पर्व संपल्यावर मी गावाला गेले. सासूबाईंच्या ट्रंकेत धर्मशाळेची किल्ली आणि लाल कापडात बांधलेली एक जुनी वही होती. किल्ली मी ओळखली. सासूबाई ती कमरेला लावून फिरायच्या. वही मात्र मी कधी उघडली नव्हती. निम्मी मोडीत, निम्मी बाळबोध. मोडी मला येत नाही. बाळबोध भाग वाचला आणि दोन दिवस त्यातून डोकं वर निघालं नाही.

सगळा जमाखर्च हाली रुपयांत, म्हणजे निजामाच्या शिक्क्यात. इंग्रजी रुपयापेक्षा तो थोडा कमी भरायचा. दरवर्षी मृगाच्या आधी एक नोंद ठरलेली, "माळवदास पांढरी माती, गाड्या 4. सारवण, बाया 6, दिवस 2." पानं उलटत गेले. गाड्या कधी तीन, कधी पाच. बाया मात्र सहाच.

दगडावर बांधणाऱ्याचं नाव आहे, त्याच्या वडिलांचं आहे, गोत्रसुद्धा आहे. या सहा बायांचं नाव कुठंच नाही. पण तुम्हीच सांगा, मातीचं माळवद सारवल्याशिवाय किती पावसाळे टिकतं? दगडावरच्या नावाला छप्पर दिलं ते या बायांनी.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती वाचताना बरं वाटलं नाही. सुरुवातीच्या पानावर नियम लिहिलेत. कुणी ओवरीत उतरायचं, कुणी नाही, आडाला कुणी हात लावायचा, कुणी नाही. त्या काळची रीत म्हणून ते झाकता येईल, पण मी झाकणार नाही. गावची निम्मी माणसं त्या दारातून आत येऊ शकत नव्हती. देश स्वतंत्र झाल्यावर 1955 मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, त्यात धर्मशाळेचा उल्लेख नाव घेऊन आहे. म्हणजे ही दुखरी जागा साऱ्या देशाची होती. आपण जुनी वास्तू राखा म्हणतो तेव्हा त्यातलं सगळंच राखायचं नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

तो नियम आमच्या गावात मोडला 1972 च्या दुष्काळात. मी तेव्हा बार्शीला शाळेत होते. सुकडी आणि रेशनची मिलो ज्वारी एवढंच मला आठवतं. सासूबाई सांगायच्या की गावाबाहेर खडी फोडायच्या कामावर दूरदूरची माणसं आली होती. लेकरं उन्हात भाजत होती. मामंजींनी पंचांना विचारत बसण्यापेक्षा किल्ली सासूबाईंच्या हातात दिली आणि त्यांनी दार उघडलं. कोण कुठल्या जातीचं, हे त्यांनी विचारलं नाही. "आडाला पाणी होतं गं, मग कुणाला नाही म्हणायचं?" एवढंच त्या म्हणायच्या. ही नोंद वहीत नाही. मी ती आता शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात लिहून ठेवली आहे.

मातीचा थर

तुम्ही म्हणाल, मग पाडू नका म्हणून सांग आणि मोकळी हो. इतकं सोपं नाही. आमच्या भागातली कुठलीही बाई दगडमातीच्या घराखाली निर्धास्त झोपू शकत नाही.

1993 साली अनंत चतुर्दशीचा उपवास झाला, गणपती विसर्जन झालं आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात आणि शेजारच्या औसा तालुक्यात गावंच्या गावं बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या गावाला हादरा बसला तेव्हा धर्मशाळेची मागची भिंत फुगली, एक कोपरा तडकला. त्याच ओवरीत आठवडाभर आम्ही बायका भाकरी थापत होतो आणि ट्रक भरून उमरग्याकडे जात होते. वर त्या माळवदाकडं बघत भाकरी थापल्या आहेत मी. ती भीती माझ्या अंगात अजून आहे.

पण इतकी माणसं का गेली, हे नंतर इंजिनिअर लोकांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे भिंत दोन बाजूंनी दगड लावून मध्ये माती भरून रचतात. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार लांब दगड मध्ये मध्ये घातला नसेल, तर हादऱ्यानं भिंत मधून फाटते आणि दगड बाहेर पडतात. त्यात वर माळवदाचं ओझं. दरवर्षी गळती थांबवायला नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. पन्नास-साठ वर्षांत तो थर दीड-दोन फुटांचा होतो.

हे आठवलं आणि मी वहीतल्या गाड्या मोजायला बसले. दरवर्षी चार गाड्या माती वर गेल्याची नोंद आहे. एकही गाडी खाली आल्याची नाही! ताळेबंदात नुसती जमाच, वजावट कुठंच नाही. मनात आलं, हे तर कर्माच्या थरासारखंच झालं. आस्रव चालू, निर्जरा नाही. आपण प्रेमानं, पुण्य म्हणून टाकलेली मातीच छत खाली आणते.

तेव्हा राखणं म्हणजे वर आणखी टाकत राहणं नव्हे. आधी जुना भार उतरवायचा, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालायचे, तुळया आणि खांब एकमेकांना बांधायचे आणि मग हलकं छत. भूकंपानंतर या पद्धतीनं बरीच जुनी घरं बळकट करण्यात आली. म्हणजे पाडणं किंवा मरण, असे दोनच पर्याय नाहीत.

संरक्षित म्हणजे काय

पुतण्या म्हणाला, "काकू, पुरातत्त्ववाल्यांना पत्र लिहू या, संरक्षित करून टाकू." मलाही आधी तसंच वाटलं. मग कायदा वाचला.

केंद्राचा 1958 चा कायदा आहे. शंभर वर्षं जुनी, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीनं महत्त्वाची वास्तू त्यात येऊ शकते. आधी सरकार जाहीर सूचना देतं, दोन महिने हरकती मागवतं आणि मग घोषित करतं. मालकाशी करार करून वास्तू त्याच्याकडेच ठेवायचीही सोय आहे. पण 2010 च्या दुरुस्तीपासून अशा वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. शंभर मीटर म्हणजे आमची अख्खी गल्ली. ज्यांची मुलं आत्ता कुठं घर बांधायच्या बेतात आहेत, त्यांनी आमच्या पणजोबांच्या पुण्याईसाठी का थांबावं? शिवाय साऱ्या देशात अशी स्मारकं साडेतीन हजारांच्या वर आहेत. त्यात आमची पाच खणांची ओवरी बसेल, अशी आशाच धरायला नको.

राज्याचा वेगळा कायदा आहे. 'महाराष्ट्र वैभव' या योजनेत राज्य संरक्षित स्मारक एखाद्या संस्थेला देखभालीसाठी घेता येतं. आपल्या नळदुर्गचा किल्ला असाच सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे देखभालीला दिला गेला. किल्ल्याला ते शोभतं. गावच्या धर्मशाळेला मात्र गावानंच घेतलं पाहिजे.

मुलगा-सून जर्मनीत आहेत. त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी मला ऑग्सबर्गची फुग्गेराय दाखवली. याकोब फुग्गर नावाच्या सावकारानं 1521 साली गरीब कामकऱ्यांसाठी घरांची वसाहत दान दिली. आजही तिथं गरजू लोक राहतात. वर्षाचं भाडं 88 सेंट, म्हणजे तिथला एक कप चहासुद्धा त्यात येणार नाही! आणि अट अशी की दात्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात बरीचशी घरं पडली. त्यांनी ती पुन्हा तशीच बांधली. मी सुनेला विचारलं, "अगं, 88 सेंटमध्ये डागडुजी कशी होते?" ती म्हणाली, "आई, दानाच्या नावावर जंगल आहे. लाकडाचं उत्पन्न येतं, तिकिटाचे पैसे येतात." म्हणजे इथंही उषवदाताचीच अक्कल. इंग्लंडमध्ये विंचेस्टरला सेंट क्रॉस म्हणून बाराव्या शतकातला अन्नाश्रम आहे. तिथं आजही येणाऱ्या वाटसरूला मागितल्यावर पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर देतात. बिअरचं सोडा, आपल्याला ते चालायचं नाही. पण इतकं जुनं सदावर्त आजही चालू आहे, ही गोष्ट मोठी. दोन्ही ठिकाणी वास्तू टिकल्या आहेत, कारण त्यांचं काम टिकलंय.

मीटिंग

मग ट्रस्टच्या मीटिंगला गेले. पंधरा पुरुष आणि मी. मी तीनच गोष्टी बोलले.

पहिली हिशोबाची. नकाशात खाली दुकानं आहेत आणि ती लांब मुदतीनं द्यायचं चाललंय. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती मागितलीय का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागितलेली नव्हती.

दुसरी जागेची. मागच्या चौकापलीकडे धर्मशाळेचीच मोकळी जागा पडून आहे, बाभळी वाढल्यात. नव्या खोल्या तिथं होतील. बाथरूम, कमोड, गरम पाणी, सगळं करा. मलाच आधी लागणार आहे. पण त्यासाठी पुढची ओवरी पाडायचं कारण काय?

तिसरी वहीची. मी "बाया 6" च्या नोंदी वाचून दाखवल्या. आणि माती कधीच खाली उतरवलेली नाही, हेही सांगितलं. माझ्या बाजूचं तेवढं सांगायचं आणि विरुद्ध बाजूचं झाकायचं, हे बरोबर नाही. एक वयस्कर विश्वस्त म्हणाले, "वहिनी, उद्या कुणाच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, "भाऊ, प्रश्न बरोबर आहे. म्हणून इंजिनिअर आणा. तो पाडा म्हणाला तर मी सही करते. पण न बघताच पाडायला माझी सही नाही."

अर्धा तास वाद झाला. आवाज चढले. मला देविल आणि धमिल्ल आठवले आणि मी गप्प बसले. धर्मशाळेपायी गावात वैर झालं तर ती वाचवून काय उपयोग?

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीनंतर इंजिनिअर येऊन बघणार. तोवर ओवरीला हात लावायचा नाही. ती टिकण्यासारखी असेल तर माळवद उतरवायचा निम्मा खर्च आमच्या घराण्यानं द्यायचा, निम्मा ट्रस्टनं. आणि नव्या खोल्या मागच्या जागेत. माझ्या मनासारखं सगळं झालेलं नाही. इंजिनिअर काय म्हणेल, कोण जाणे. निम्मा खर्च म्हणजे माझ्या पाटल्या जातील बहुतेक. पण उत्तम त्यागाच्या दिवशी आलेला फोन आहे, तेव्हा तक्रार कुठं करू?

निघताना मी ओवरी उघडून झाडून घेतली. दोन भाच्या मदतीला होत्या. एकीनं विचारलं, "मामी, इथं आता कोण उतरणार?" मी सांगितलं, चातुर्मास संपला की आर्यिका माताजींचा संघ विहार करत या वाटेनं जातो. पायी चालणाऱ्यांना अर्ध्या दिवसाचा टप्पा आजही अर्ध्या दिवसाचाच आहे. त्यांच्यासाठी रस्ता जवळ आलेला नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावी, सासरी किंवा माहेरी, अशी एखादी ओवरी असेल. दिवाळीला जाल तेव्हा बघून या. दगडावरचं साल टिपून घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा. ट्रस्टच्या नोंदवहीत ती जागा कुणाच्या नावे आहे, ते विचारा. घरात जुनी वही असेल तर रद्दीत देऊ नका. आणि ज्या म्हाताऱ्या बायकांनी तिथं सारवण केलंय त्यांची नावं विचारून लिहून ठेवा. वहीत फक्त आकडा असतो.

किल्ली सध्या माझ्याकडे आहे. सासूबाईंसारखी कमरेला लावत नाही, देवघरातल्या डब्यात ठेवलीय.

पर्व संपलं. कुणाला बोलून दुखावलं असेल, मीटिंगमध्ये किंवा या लेखात, तर मनापासून उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.